दुसरी वेलांटी

शाळेत सगळे त्यांना 'दुसरी वेलांटी' म्हणत. तोंडावर अर्थात 'सर'. घरी बायको चारचौघांत सांगायची, "मी यांची पहिली, ती वेलांटी दुसरी. आणि जीव सगळा दुसरीवर." सर यावर मान डोलवायचे. वाक्यात चूक नव्हती ना!

माणूस मायाळू, पण लाल पेन हातात आलं की आपलं-परकं काही बघायचा नाही. वाण्याची पाटी, लग्नाची पत्रिका, डॉक्टरची चिठ्ठी, काही म्हणून सोडलं नाही. डॉक्टरांचं अक्षर त्यांनाही लागत नसे, पण चूक असणारच असं धरून ते खूण करून ठेवत. एकदा बायको रुसून 'माहेरी जाते, शोधु नका' अशी चिठ्ठी ठेवून गेली. संध्याकाळी सर चिठ्ठीसकट सासुरवाडीला हजर. "'शोधू' दीर्घ," एवढंच बोलले, तिथेच पोटभर जेवले आणि बायकोला घेऊन परत आले.

मुलीला मात्र यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. विसाव्या वर्षी तिने बाबांना चार पानी पत्र लिहिलं होतं. लग्न करीन तर याच्याशीच, नाहीतर घर सोडून जाईन. लिहिताना इतकी रडली की दोन ठिकाणी शाई पसरली. सकाळी पत्र उशाशी परत. अकरा चुका, लाल गोलांत. खाली शेरा: 'मुलगा चांगला वाटतो. पत्र सुधारून पुन्हा लिहिणे.'

लग्न थाटात झालं. पत्र तिने सुधारलं नाही. या माणसाला पुन्हा एक ओळ लिहिली तर नाव बदलीन, असं तिने ठरवून टाकलं. पंधरा वर्षं नुसते फोन. प्रत्येक फोनच्या शेवटी बाबा विचारायचे, "त्या पत्राचं काय झालं गं?" ती म्हणायची, वेळच नाही. वेळ भरपूर होता. हट्ट होता, आणि तो कुणाकडून आला हे वेगळं सांगायला नको.

मागच्या आठवड्यात फोन न करताच बाबा गेले. शाळेने शोकसभा ठेवली आणि बोलायला तिलाच सांगितलं. चार दिवस कागद कोराच. 'देवमाणूस' लिहायचं म्हटलं की तिला चिठ्ठीवाला प्रसंग आठवायचा आणि हसू यायचं, मग रडू. शेवटी तिने कपाटाच्या तळातून ते पत्र काढलं, अकराच्या अकरा चुका सुधारून नव्या कागदावर उतरवलं आणि तेच घेऊन शाळेत आली.

हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि अंगाचा तिळपापड झाला. फळ्यावर हातभर अक्षरांत लिहिलेलं: 'सरांना श्रद्धांजलि'. वेलांटी पहिली! ती डस्टर घेऊन तरातरा पुढे गेली. फळ्यापाशी म्हातारा शिपाई उभा होता. याला चाळिशीत सरांनी लिहायला-वाचायला शिकवलं होतं, मधल्या सुट्टीत, जिन्याखाली बसून.

"काका, हे कुणी लिहिलं?"

"मीच."

"अहो, ती वेलांटी..."

"दुसरी पाहिजे. ठाऊक आहे मला, ताई."

"मग?"

शिपायाने खडूचे हात पँटला पुसले. "फळ्यावर चूक आहे आणि सर आले नाहीत, असं तीस वर्षांत झालं नाही. मुतारीत असले तरी धावत यायचे. म्हटलं, बघू तरी."

तिने डस्टर खाली ठेवलं.

हॉलमध्ये तीनेकशे माणसं होती, सगळी सरांच्या हाताखालून गेलेली. ती वेलांटी प्रत्येकाला खुपत होती. पहिल्या रांगेत आई तर खुर्चीच्या टोकावर आली होती. पण कुणी उठलं नाही.

मुलगी बोलायला उभी राहिली. कागदाची घडी उलगडली. 'प्रिय बाबा' म्हणण्याआधी तिने एकदा दाराकडे पाहिलं.