बटणताई आणि दादांचा तक्ता

बटणताईंना पाळण्यातल्या नावानं हाक मारणारं माणूस आता घरातसुद्धा उरलेलं नाही. कॅल्क्युलेटरच्या कारखान्यात अठरा वर्षं त्यांनी रबरी बटणं बसवली. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा बरोबरीच्या बायका शिलाई मशीनकडे वळल्या, आणि ह्या बाईंनी जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेत गेमच्या यंत्रांचे कंट्रोलर दुरुस्त करायचं दुकान थाटलं. लोक हसले. पन्नाशीला टेकलेली बाई, नाकावरून घसरणारा चष्मा आणि पोरासोरांची खेळणी, हे गणित कुणाला जुळेना. सहा महिन्यांत हसणाऱ्यांचीच यंत्रं टेबलावर येऊन पडली. "बटण अडकतंय, की दाबूनही ऐकत नाही, तेवढं सांगा," असं त्या विचारायच्या, आणि गिऱ्हाईक आठवून उत्तर देईपर्यंत झाकण उघडलेलं असायचं.

पण खरी विद्या त्यांना लाभली ती दादांमुळे. दादा म्हणजे सख्खा थोरला भाऊ. बसस्थानकावर तीस वर्षं घोषणा केलेला माणूस. गावात ज्यांनी त्यांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं तेही त्यांचा आवाज ओळखायचे. त्याच माणसाला अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. उजवी बाजू गेली, डावीतलंही बळ ओसरलं, डाव्या हाताचा अंगठा तेवढा शाबूत राहिला. एकदा डोळे मिचकावले की हो, दोनदा मिचकावले की नाही. डॉक्टर म्हणाले, "एवढंही पुष्कळ आहे." हे 'एवढंही' बटणताईंना मिरचीसारखं झोंबलं. हो-नाहीत विचारलेल्याचं उत्तर देता येतं. न विचारलेलं सांगायचं असेल तर अक्षरं लागतात.

दादांच्या मुलीनं, म्हणजे बटणताईंच्या भाचीनं, एक टॅब आणून दिला. काचेवर अंगठा नेमका टेकवणं दादांना जमेना. बटणताई मात्र त्या अंगठ्याकडे बघत बसल्या. तीस वर्षं बोलताना माइकचं बटण दाबून धरलेला अंगठा होता तो. काचेवर चुकला तरी बटणावर चुकणार नव्हता.

दुकानात एक जुनं, टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र पडलेलं होतं. अडचण एकच. असल्या यंत्रात कंपनीचा शिक्का असलेले गेमच चालतात. घरी लिहिलेला प्रोग्राम ते दारातूनही आत घेत नाही. पण जगात रिकामटेकड्या हुशार लोकांची कमी नाही. त्यांनी त्या यंत्राचं मागचं दार शोधून काढलं होतं आणि इंटरनेटवरच्या एका फोरमवर सगळी कृती लिहून ठेवली होती. बटणताई त्या अनोळखी लोकांच्या मागे हात धुऊन लागल्या. प्रोग्राम लिहिणं म्हणजे काय इथपासून सुरुवात. अकरा महिने गेले, आणि एका सकाळी दादांच्या टीव्हीवर अक्षरांचा तक्ता उभा राहिला. एकेक ओळ आपोआप उजळायची. हवी ती ओळ आली की बटण दाबायचं, मग त्या ओळीतलं अक्षर, मग काना-मात्रा. दादांनी पाच मिनिटं खपून पहिला शब्द लिहिला, "अळणी". इतक्या महिन्यांनी नवऱ्याचा शब्द आला तोही स्वयंपाकाला नावं ठेवणारा, ह्यावर वहिनी हसता हसता रडायला लागल्या. बटणताईंनी त्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा त्यांची मान जरा जास्तच ताठ होती, असं शेजारचा चांभार अजून सांगतो.

त्यानंतर तीन वर्षं तक्ता विनातक्रार चालला. कंपनी अधूनमधून यंत्राचं आतलं सॉफ्टवेअर अपडेट करून ते मागचं दार बुजवते, हे बटणताईंना पक्कं ठाऊक. म्हणून त्यांनी यंत्राच्या आतली, वायफाय पकडणाऱ्या अँटेनाची वायरच उपटून ठेवली होती. बाहेरून काही येणं नको आणि भानगड नको.

दरवाजे सगळे लावले, खिडकी उघडी राहिली. गुरुवारी भाची आणि जावई चार दिवसांसाठी आले. भाचीनं बाबांना करमावं म्हणून मोटारींच्या शर्यतीची नवी कोरी डिस्क आणली, आणि नव्या डिस्कच्या पोटात नवं अपडेट असतं हे बटणताईंनी घरात कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं. पडद्यावर प्रश्न आला. भाची म्हणाली, "दाबा बाबा," आणि दादांनी आपल्याच अंगठ्यानं 'हो' दाबलं. यंत्र दहा मिनिटं गुरगुरलं, बंद होऊन पुन्हा सुरू झालं. मोटारी छान पळाल्या. तक्ता गेला.

"वन्सं, लवकर या," वहिनींचा फोन आला. "ह्यांचं बोलणं बंद झालंय."

बटणताई पोचल्या तेव्हा भाची कोपऱ्यात डोळे पुसत होती. "आत्या, मला खरंच माहीत नव्हतं."

"तुला नव्हतं, आणि मला असून मी सांगितलं नाही. दोघींना निम्मं निम्मं. रडून काय यंत्र मागे जाणार आहे?"

जावईबापू कुठल्याशा मोठ्या कंपनीत संगणकाचं काम करतात. ते म्हणाले, "सोडा ना आत्या. तसंही रविवारी सगळं ठरवायचंच आहे." ठरवायचं होतं ते असं की दादा-वहिनींना कायमचं त्यांच्या शहरातल्या घरी न्यायचं. तिथं खोल्या मोठ्या, मदतीला माणसं, रोज व्यायाम करून घेणारी बाई. भाचीनं गुडघ्यावर बसून विचारलं, "बाबा, इथं तुम्हाला काही त्रास होतो का?" दादांनी दोनदा डोळे मिचकावले. "मग इथंच राहायचंय?" दादांनी डोळे मिटून घेतले आणि उघडलेच नाहीत. जावई हळूच म्हणाले, "हट्टी आहेत. आपल्यालाच ठरवावं लागेल."

बटणताईंना दादा इथंच हवे होते, हे काही लपून राहिलेलं नव्हतं. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी भावाशी पाच-सहा शब्द बोलायचे, हा त्यांचा नेम होता. त्यांना खात्री होती की दादा 'नाही' म्हणणार. पण ते नाही त्यांचं त्यांनी, अक्षर अक्षर जोडून म्हणायला हवं होतं. "रविवारी दादा बोलेल," एवढं सांगून त्यांनी यंत्र काखेत मारलं आणि दुकान गाठलं.

फोरमवर त्यांनी विचारलं. तिथला एक जाणकार स्वतःला घुबड म्हणवून घेतो. त्यानं कळवलं, नव्या अपडेटमध्ये मागचं दार अजून कुणाला सापडलेलं नाही, काही महिने लागतील. उपाय एकच, यंत्राच्या मेमरीची जुनी नक्कल चिपवर परत उतरवायची. मात्र ज्या यंत्राची नक्कल त्यालाच चालते. दुसऱ्याची उतरवली की यंत्राचा दगड होतो, कायमचा.

नक्कल नाही असं बटणताईंच्या दुकानात होतंच नाही. ताकही फुंकून पिणारी बाई. कपाटात दोन मेमरी कार्डं होती. एक दादांच्या यंत्राचं, एक दुकानात प्रयोगासाठी ठेवलेल्या त्याच जातीच्या यंत्राचं. दोन्हींवर यंत्राच्या बुडाचा नंबर सुवाच्य अक्षरात. त्यांनी दादांचं यंत्र उलटं केलं, नंबर वाचला, जुळणारं कार्ड उचललं, आणि हात जागच्या जागी थांबला. दोन वर्षांपूर्वी दादांचं यंत्र टेबलावरून पडून त्याच्या खोक्याला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, तडा गेला होता. तेव्हा त्यांनी प्रयोगाच्या यंत्राचं चांगलं खोकं दादांच्या यंत्राला चढवलं होतं. नंबर असतो खोक्यावर. नकला त्याआधी घेतल्या की नंतर? वहीत सगळं लिहिलेलं होतं, कुठल्या दिवशी कुठला स्क्रू बदलला इथपर्यंत. खोकं तेवढं लिहिलेलं नव्हतं, कारण खोकं म्हणजे काही यंत्र नव्हे, असं त्यांचं मत होतं. अठरा वर्षं खोक्याच्या आतलंच बघितलेल्या बाईकडूनच अशी चूक व्हायची.

शुक्रवारी दुपारी जावई दुकानात डोकावले. "आत्या, लेबलावर नंबर आहे ना? मग उतरवा. नाहीतर उद्या मी नवीन टॅब आणतो."

"पी हळद आणि हो गोरी, असं इथं होत नाही, बापू. लेबल मी लावलंय, म्हणून तर मला त्याचा भरवसा नाही. बसा, नाहीतर उजेडातून बाजूला व्हा."

जावई बसले. बटणताईंनी बावीस स्क्रू काढले, पत्र्याचं झाकण उचललं आणि करंगळीच्या नखाएवढ्या चिपला बारीक चिमटा लावून तिच्यातलं वाचायला सुरुवात केली. अपडेट सगळं बदलतं, पण प्रत्येक यंत्राची जन्मखूण असलेला एक छोटासा भाग असतो, त्याला कंपनीही हात लावत नाही. तोच भाग त्यांनी दोन्ही नकलांमधून काढला आणि तिन्ही कागदावर एकाखाली एक लिहिले. घाई नको म्हणून पट्टी ठेवून एकेक अंक ताडून पाहिला. नंबर जुळणारं कार्ड परकं निघालं. दादांची खूण दुसऱ्या कार्डात होती, चुकीच्या लेबलाखाली.

जावईबापूंनी कागद हातात घेतला. तिन्ही ओळी पट्टी ठेवून स्वतः ताडून पाहिल्या. मग म्हणाले, "मी असतो तर लेबल बघून मोकळा झालो असतो."

"आणि सासऱ्यांची बोलती बंद केली असती. धरा हा दिवा."

शनिवारचा अख्खा दिवस नक्कल उतरवण्यात आणि ती पुन्हा वाचून पाहण्यात गेला. संध्याकाळी पाचला दुकानातल्या टीव्हीवर तक्ता उजळला. बटणताईंनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि समोर कुणी नसताना म्हणाल्या, "शाबास गं." आपणच आपली पाठ थोपटून घेऊ नये म्हणतात. म्हणोत बापडे.

रविवारी सकाळी सगळे टीव्हीसमोर बसले. भाचीनं विचारलं, "बाबा, काय करू या?" दादांनी डोळे मिचकावले नाहीत. अंगठा हलला. एरवी गप्पा मारताना ते काना-मात्रा गाळायचे, घरच्यांनी जुळवून घ्यायचं. त्या दिवशी त्यांनी एकही गाळली नाही. पंधरा मिनिटं कुणी जागचं हललं नाही. पडद्यावर उमटलं, "हिचे हात दुखतात. मला उचलून उचलून. सांगत नाही. जाऊ."

वहिनींनी दोन्ही हात पाठीमागे नेले. भाचीनं ते ओढून समोर घेतले. मनगटं सुजलेली होती. रोज सकाळी त्या घरात येणाऱ्या बटणताईंनी ती कधी पाहिली नव्हती. जगाच्या कंट्रोलरचं एकेक बटण तपासणाऱ्या बाईला ह्याची फार लाज वाटली. दादा जाणार, हा घाव वेगळाच. ज्या तोंडून नाही ऐकायचं म्हणून तीन दिवस खपल्या, त्या तोंडानं 'जाऊ' म्हटलं होतं. आणि तरी, त्या स्वतःच नंतर सांगायच्या, आयुष्यात एवढा अभिमान कधी वाटला नाही. दादाला जे कुणीच विचारलं नव्हतं ते तो बोलला होता, आणि बोलला होता त्यांच्या तक्त्यावर.

जावई उठले. "आत्या, यंत्र मी नीट बांधून नेतो आणि तिकडे मीच जोडतो. आता कळलंय मला."

दादांचा अंगठा पुन्हा चालू लागला. ओळ उजळली, अक्षर उजळलं. बटणताईंना लहानपणी दादा ज्या नावानं हाक मारायचे ते नाव पडद्यावर उमटलं, आणि त्याच्यापुढे दोन शब्द.

"छोटी. तूच जोड."

सोमवारी जिन्याखालच्या दुकानाला, उघडल्यापासून पहिल्यांदाच, कामाच्या दिवशी कुलूप दिसलं. कुलपाखाली कागद चिकटवलेला होता, "भावाच्या कामासाठी परगावी. आठ दिवसांनी या. तोवर दुसऱ्या कुणाकडून झाकण उघडून घेऊ नये."