बाई उभ्या असतात तिथून डावीकडे

डोक्याला मार बसलेली मुलं लहान शाळेतून मोठ्या शाळेत पोहोचती करायची, हे बाईंचं काम. पोहोचती करायची म्हणजे फाटकापर्यंत हात धरून न्यायची, असं नव्हे. सुट्टीतच नव्या शाळेची परवानगी काढायची, मुलाला घेऊन रिकाम्या इमारतीत रोज फिरायचं. वर्ग कुठे, नळ कुठे, हे पायांना पाठ होईपर्यंत. मुलानं ते सगळं एका वहीत आपल्या हातानं, आपल्या शब्दांत लिहायचं. आणि एकदा शाळा सुरू झाली की बाईंनी तिकडे फिरकायचं नाही. हा नियम त्यांनीच केलेला, आणि तो पाळताना दर वर्षी त्यांचाच जीव कासावीस व्हायचा. एकोणीस वर्षांत किती मुलं परत भेटायला आली, हे मात्र त्यांना विचारू नका.

शिंप्याची मुलगी बारा वर्षांची. सायकलवरून पडली आणि महिनाभर दवाखान्यात होती. जीभ तिखट, गणितात मास्तरांच्या चुका काढणारी, पण चेहरे काही डोक्यात टिकेनात. माणूस कुठे आहे त्यावरून ती त्याला ओळखायची. मशीनवर बसलेला तो बाबा. तोच बाबा बाजारात समोर आला, तर हाक मारेपर्यंत परका. मग मी काय मशीन डोक्यावर घेऊन फिरू, असं शिंपी हसत हसत सांगायचा. डाव्या-उजव्याचाही घोळ व्हायचा, म्हणून त्यानं तिच्या सगळ्या डाव्या बाह्यांना आतून पिवळी पट्टी शिवली होती.

सुट्टीभर दोघी त्या मोठ्या शाळेत फिरल्या. मुलीनं वहीत लिहिलं: फाटकातून सरळ. नळ लागतो. मग जिना, पण वर चढायचं नाही. बाई उभ्या असतात तिथून डावीकडे.

आता खरं सांगायचं तर बाईंनी ती ओळ वाचली होती. तिथल्या तिथे खोडायला हवी होती. शाळा सुरू झाल्यावर जिन्यापाशी बाई असणार कुठून? काल कामाला लागलेल्या पोरीलाही हे कळलं असतं. पण आजवर कुणाच्याच वहीत बाई आल्या नव्हत्या. अंगावर मूठभर मांस चढलं आणि त्यांनी वही तशीच मिटली.

पहिल्याच दिवशी मोठ्या शाळेतून फोन आला. मुलगी दोन तास जिन्यापाशी उभी होती. पोरं धक्के मारून जात होती, शिपाई वर्गात चल म्हणत होता, ती ढिम्म. बाई आल्या की वळायचं, एवढंच सांगत होती. बाई धावतपळत पोहोचल्या, आपल्या जागी उभ्या राहिल्या. मुलीचा चेहरा फुलला, आणि ती डावीकडे वळून सरळ आपल्या वर्गात जाऊन बसली.

मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं, "दोन आठवडे बघतो. नाही जमलं तर लहान शाळेत तुमच्याकडेच परत, त्याच जुन्या वर्गात."

येऊ दे की परत. बाईंच्या मनात हेच पहिलं आलं, आणि त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. पोरीचं अख्खं वर्ष जाईल आणि आपल्याला काय, तर ती रोज दिसेल. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. शाळा तिची आहे की तुझी, असं नवऱ्यानं चिडवून बघितलं, तर त्या त्याच्यावरच खेकसल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मुलीलाच ती ओळ खोडायला लावली. जिन्यापाशी भिंतीला वाळूची लाल बादली टांगलेली होती. मुलीनं लिहिलं, लाल बादलीपासून डावीकडे. आता तिच्या लेखी त्या जागी बाई नव्हत्या, बादली होती. मग बाई रोज दोन पावलं लांब सरकू लागल्या. चौथ्या दिवशी नळापाशी, आठव्या दिवशी फाटकात. मुलगी बादलीपाशी थबकायची, बाहीतली पट्टी बघायची आणि वळायची. शेवटच्या दिवशी बाईंनी रस्त्यापलीकडूनच बघायचं ठरलं होतं.

पण पाय ऐकतील तर ना. घंटेच्या आधीच त्या आत शिरल्या आणि पुन्हा जिन्यापाशी, आपल्या जुन्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. एकदाच, फक्त एकदा तिनं आपल्याकडे बघून हसावं, एवढीच आशा होती. गर्दीतून मुलगी आली आणि त्यांच्यासमोर थांबली. त्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग बाजूनं वाकून त्यांच्या मागे बघायला लागली.

"जरा बाजूला होता का? मला बादली दिसत नाहीये."

एक हाक पुरली असती. आवाज ऐकला की ती ओळखायची. बाईंच्या ओठांवर ती हाक आलीसुद्धा. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि त्या बाजूला झाल्या.

"थँक्यू हं, काकू," मुलगी म्हणाली आणि डावीकडे वळली.