ढाळावरची उडी

जळगावात स्केटिंग म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, बर्फ कुठून आणता? अरे बाबा, मे महिन्यात आमच्याकडे नळाचं पाणीच चहाला चालेल इतकं तापलेलं असतं. बर्फ आम्ही पाहतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर. आमचं फिगर स्केटिंग चाकांवरचं. बुटाला पुढं दोन चाकं, मागं दोन, आणि बोटांपाशी रबराचा एक ठोकळा. संगीत तसंच, गिरक्या तशाच, उड्याही त्याच. पडणं मात्र आमच्याकडे जास्त लागतं, कारण बर्फावर माणूस घसरत जातो आणि सिमेंटवर सोलून निघतो. मी महिलांच्या गटात खेळले, राज्यापर्यंत गेले, आणि हे मी मान वर करूनच सांगणार आहे. ज्यांना ही फुशारकी वाटेल त्यांनी एकदा ते बूट घालून नुसतं स्वयंपाकघरापर्यंत जाऊन दाखवावं.

आमचं मैदान म्हणजे नशिराबादच्या रस्त्यावरच्या एका जिनिंगचं आवार. कापसातून सरकी वेगळी काढायचा तो कारखाना. गाड्यांमधला कापूस उतरवायला तिथं सिमेंटचं भलंमोठं अंगण होतं, आणि आमच्या गावात गुळगुळीत म्हणावी अशी जमीन तेवढीच. मालक आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमच्या ओळखीचे, म्हणून सकाळी गाड्या यायच्या आत आम्हा मुलींना तिथं सराव करता यायचा. आधी झाडू मारायचा. सरकीचा एक दाणा चाकाखाली आला की खेळाडू थेट आडवी. हंगामात दोन्ही बाजूंना कापसाच्या गंज्या लागायच्या आणि मधे फक्त एक लांब पट्टा उरायचा, पुढच्या फाटकापासून मागच्या नालीपर्यंत. आम्ही फाटकापाशी बूट चढवायचो आणि नालीच्या दिशेनं सुटायचो.

मॅडम म्हणजे आमच्या शाळेतल्या पी.टी.च्या बाई. मी कॉलेजात गेले तरी त्यांना सोडलं नाही, आणि त्यांनी मला. उंचीनं माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, पण आवाज फाटकाबाहेरच्या रिक्षावाल्याला ऐकू जाईल असा. तरुणपणी त्या स्वतः खेळलेल्या, पण साध्या उड्यांच्या पुढं त्यांना जाता आलं नव्हतं, कारण शिकवायलाच कुणी नव्हतं. त्यामुळे मोठी उडी माझ्याकडून करून घ्यायची हा त्यांचा हट्ट होता. माझाही होताच. आम्ही दोघी सारख्याच हट्टी, म्हणून रोज भांडण.

ती मोठी उडी म्हणजे अ‍ॅक्सेल. बाकीच्या उड्या मागं जाता जाता मारायच्या असतात, ही एकटीच तोंड पुढं करून. डाव्या पायावर पुढं जायचं, उजवा गुडघा पायरी चढल्यासारखा वर फेकायचा, हात छातीशी आवळून घ्यायचे, हवेत दीड वेढा घ्यायचा आणि उजव्या पायावर उतरून, दिशा तीच पण तोंड उलटं, असं मागं निघून जायचं. सांगायला एक वाक्य लागतं. शिकायला मला सबंध हिवाळा आणि उन्हाळा लागला. तो अर्धा वेढा फार छळतो. समोर तोंड करून उडी मारताना जमीन दिसत असते, आणि दिसते म्हणून भीती वाटते. माझी डावी मांडी त्या काळात निळी, मग हिरवी, मग पिवळी अशी रंग बदलत असायची. आईचं माहेर शिरपूरकडचं, ती अजून अहिराणीच बोलते. सुजलेल्या मांडीला तेल चोळताना म्हणायची, "बठ्ठं आंग सुजी गय. पाय शेतस का लोखंड शे?" आणि पुन्हा सकाळी तीच मला हाक मारून उठवायची.

आणि एके दिवशी जमली. मग रोज जमायला लागली. नालीच्या अलीकडे मी उतरायची आणि चाकं अशी सुळकन मागं धावायची की मला नालीआधी थांबायला ठोकळा घासावा लागायचा. आमच्या भागात अ‍ॅक्सेल येणारी मी पहिली, निदान जळगावची तरी. मी हवेतच होते म्हणा ना. लहान मुलींना मी न विचारता सल्ले द्यायला लागले होते.

त्या वर्षी विभागाची स्पर्धा धुळ्याला होती. महिलांच्या गटातून एकीलाच राज्यासाठी निवडणार होते. आम्ही पहाटेच्या एसटीनं निघालो, एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचलो. आईनं भरीत-पुरीचा डबा दिलेला. बॅग उचलताना ती म्हणाली, हिच्यात काय दगड भरलेत का. मी म्हटलं, दगड नाही, वीट. आमच्या प्रत्येकीच्या बॅगेत एक अर्धी वीट असायची, कारण ती चाकाला लावली नाही तर बूट पळून जातात. बूट काढले, की वीट लावली. लहानपणापासून ही सवय, तोंड धुण्यासारखी. परक्या गावात वीट कुठं शोधत बसायची, म्हणून आम्ही आपापली घेऊन निघालो होतो. आईनं डबा विटेच्या वर नीट बसवला. तिलाही ते बरोबरच वाटलं असणार.

धुळ्याचा हॉल पाहूनच माझे डोळे दिपले. वर छप्पर, खाली आरशासारखी फरशी, सरकीचा दाणा औषधाला नाही. धुळ्याची एक मुलगी होती, माझ्याच वयाची, अंगानं काटक. तिनं सरावात अ‍ॅक्सेल मारली आणि मी मनात म्हटलं, अच्छा, हिलाही येते तर. मग मी सुटले. डावा पाय, गुडघा वर, हात आवळले, आणि दीड वेढा पूर्ण व्हायच्या आत फरशी आली. मला दुसरा शब्द सुचत नाही. ती जिथं असायला हवी होती तिथं नव्हती, वर होती. मी धाडकन कमरेवर आदळले. पुन्हा मारली, पुन्हा तेच. स्पर्धेत, संगीत चालू असताना, पंचांच्या अगदी समोर, तिसऱ्यांदा तेच. उठून मी बाकीचं नाचले कशीबशी. निवड धुळ्याच्या मुलीची झाली. हक्काचीच होती, हे मी आज म्हणते. तेव्हा मी तिच्याकडे बघायलाही तयार नव्हते.

बाजूच्या बाकावर बसून मी बूट काढले, बॅगेतून अर्धी वीट काढली आणि चाकाला लावली. शेजारी जामनेरची आमचीच एक मुलगी, तिनंही लावली. धुळ्याची ती मुलगी बघत होती. चेष्टेनं नाही, खरंच न कळून तिनं विचारलं, "तुम्ही जळगावहून वीट घेऊन आलात?"

मी चिडून म्हटलं, "मग काय, बूट जाऊ द्यायचे का पळून?"

ती म्हणाली, "कुठं पळतील?"

तिच्या मागं धुळ्याच्या मुलींचे बूट ओळीनं उभे होते. चार चाकांवर, मोकळे. एकही हलत नव्हता. मी माझी वीट काढून घेतली. माझाही बूट तिथंच उभा राहिला. तेव्हा मला आमचं अंगण आठवलं. जिनिंगच्या अंगणाला ढाळ होता. असणारच, कापूस भिजू नये म्हणून पाणी नालीकडे वाहून जायला बांधतानाच तो दिलेला. आम्ही त्या ढाळावर वाढलो, त्याच्यासाठी विटा बाळगल्या, आणि एकीच्याही डोक्यात आलं नाही की आपण उतारावर खेळतो आहोत. वेग ढाळ देत होता. उतरताना जमीन जरा खाली सरकत होती. माझी अ‍ॅक्सेल अर्धी माझी होती आणि अर्धी त्या अंगणाची.

हे मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी पाण्याची बाटली फरशीवर आडवी ठेवून पाहिली. ती जागची हलली नाही. मॅडमचा चेहरा पडला. म्हणाल्या, "चूक माझी आहे. इतकी वर्षं तिथं उभी आहे आणि खाली म्हणून बघितलं नाही." त्यांना असं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि मला ते पडण्यापेक्षा जास्त लागलं. लहान मुली शरमेनं विटा तिथंच हॉलमागे टाकून द्यायला निघाल्या होत्या. मॅडम त्यांच्यावर ओरडल्या, "उचला. परत न्यायच्यात. आपल्याला दुसरं अंगण कोण देणार आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी जिनिंगवर त्यांनी मला फाटकापाशी बूट घालू दिले नाहीत. नालीकडे नेलं आणि फाटकाकडे बोट दाखवलं. "आता चढावर मारायची."

मी म्हटलं, माझ्याकडून व्हायचं नाही.

"मग वीट उचल आणि घरी जा."

मी गेले नाही. रागानं गेले नाही, एवढंच खरं आहे. चढावर मारायची म्हणजे वेग सगळा स्वतःच्या पायांनी आणायचा. दोन ढकलण्यांतच कळलं की माझ्या मांड्यांना काम म्हणून कधी पडलंच नव्हतं. मी सुटायचे आणि उडीच्या जागेपर्यंत पोचेस्तोवर वेग मरून जायचा. उडी मारली की जमीन लगेच यायची, धुळ्यापेक्षाही लवकर. उतरल्यावर चाकं मागं जायची नाहीत, जागीच रुतून बसायची आणि मी ढुंगणावर. हंगाम आला, गंज्या लागल्या, मी कापसात जाऊन पडायला लागले. तिथले दिवाणजी ऑफिसातून डोकं बाहेर काढून म्हणायचे, "हाऊ कापूस शे का तुनी गादी?" कपड्यांना कापूस चिकटलेला, केसांत सरकी, अशी मी कॉलेजात जायची. मैत्रिणी विचारायच्या, तू नक्की कुठल्या खेळात आहेस?

आईला मी एकदा म्हटलं की सोडून देते. ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "पडनी ते पडनी. आते ऊठ." तिचं ते तेवढंच. मला खरं तर तिनं थोडी कीव करावी असं वाटत होतं, पण आमच्या घरात कीव मिळत नाही, भाकरी मिळते.

मग मांड्या भरल्या. सलवारी घट्ट व्हायला लागल्या. ढकलणी लांब झाली, गुडघा वर जायला लागला. मॅडम ओरडायच्या, "हात लवकर आवळ, तुला वाट कोण बघायला सांगतंय?" गंज्या उचलल्या गेल्या, ऊन तापायला लागलं, आणि एका सकाळी मी फाटकाकडे तोंड करून उडी मारली आणि उजव्या पायावर उतरून चढावर, मागं, हातभर का होईना, गेले. मॅडमनी जाऊन अंगणाला पुन्हा झाडू मारला, मघाशीच मारून झाला होता तरी.

पुढच्या वर्षी विभागाची स्पर्धा पुन्हा धुळ्यालाच. जागा पुन्हा एकच. धुळ्याच्या मुलीची अ‍ॅक्सेल आता आणखी उंच झाली होती, कार्यक्रमाच्या सुरुवातीला, दम ताजा असताना ती मारायची. तिच्याएवढंच करून मला जागा मिळणार नव्हती, हे आम्हाला माहीत होतं. म्हणून मॅडमनी माझ्या कार्यक्रमात दोन बसवल्या होत्या. एक सुरुवातीला आणि एक अगदी शेवटी, छाती भात्यासारखी चालत असताना. आई या वेळी आमच्याबरोबर आली होती. बसमध्ये मॅडम मला म्हणाल्या, "दम नसला तर दुसरीच्या जागी साधी उडी मार. माझी परवानगी आहे." इतक्या प्रेमानं त्या कधी बोलत नसत, म्हणून मला जरा भीतीच वाटली.

माझ्या आधी धुळ्याची मुलगी खेळली. तिची अ‍ॅक्सेल स्वच्छ झाली, टाळ्या पडल्या, तिच्या गावचा हॉल. मग माझं संगीत लागलं. पहिली उडी आली कधी आणि गेली कधी मला कळलंही नाही. फरशी जिथं असायला हवी तिथंच होती. हवेत इतकी सवड मिळाली की मला पुढच्या रांगेत बसलेल्या आईच्या कपाळावरचं कुंकू दिसलं. मग गिरक्या, पावलं, दोन लहान उड्या, आणि हळूहळू दम जायला लागला. शेवटच्या वळणावर माझे पाय जड झाले होते. साधी उडी मारून मोकळं व्हावं असं मला फार वाटलं, लपवत नाही. कठड्याशी मॅडम उभ्या होत्या. त्यांनी मानेनंच सांगितलं, मार साधी.

मी त्यांचं ऐकलं नाही. तशी मी कधी ऐकत नाहीच. डाव्या पायावर आले, एक ढकलणी जास्तीची घेतली, चढावर घ्यायची तशी, पोटातून. गुडघा वर. हात आवळले. छप्पर फिरलं, आणि उजवा पाय खाली आला तो फरशीवर असा टेकला की आवाजसुद्धा झाला नाही. आणि मी मागं निघाले. मला वाटलं आता थांबेन. थांबले नाही. पंच डोळ्यांपुढून गेले, धुळ्याच्या मुली गेल्या, मी एका पायावर, दुसरा पाय मागं लांब करून, नुसती जात राहिले. खाली ढाळ नव्हता. सपाट फरशी, माझ्या बाजूनं काहीच न करणारी. तो सगळा वेग माझा होता. माझ्या निळ्या-पिवळ्या मांड्यांचा. मला हसू आलं, आणि मी पंचांसमोर, संगीत संपायच्या आत, तोंडभर हसले.

निकाल दुपारी लागला. निवडीत माझं नाव वाचलं. आई पदरानं डोळे पुसत होती, मॅडम भिंतीकडे तोंड करून रडत होत्या, जामनेरची मुलगी तर भोकाड पसरून. सगळे मला म्हणत होते, तू कशी गं रडत नाहीस? मला रडू येतच नव्हतं. नाव वाचण्याची वाट मी बघितलीच नव्हती. मला माझं सकाळीच मिळालं होतं, त्या फरशीवर मागं मागं जाताना, आणि ते कुणी वाचून दाखवायची गरज नव्हती.