डिकीवरची थाप

अख्खी गल्ली त्यांना सरदार म्हणायची, ते त्यांच्या गाडीमुळे. माणूस साधा ड्रायव्हर. उभी हयात एका मोठ्या साहेबांची गाडी चालवण्यात गेली. साहेब थकले, मुलाकडे कायमचे राहायला निघाले, तेव्हा जुन्या गाडीची किल्ली सरदारांच्या हातावर ठेवून म्हणाले, "तूच सांभाळलीस, तूच घेऊन जा." लांबलचक काळी गाडी, आत चामड्याच्या सीटा, दार लावलं की बाहेरचं जग गप्प. सरदारांना तर रडूच आलं. बायकोनं मात्र गाडीकडे बघितलं, मग अंगणाकडे बघितलं आणि म्हणाली, "आणि ही मावायची कुठे?"

मावली कशीबशी. गल्लीतून अंगणात चांगलाच उतार होता. गाडी उलटी घ्यायची, आणि मागच्या भिंतीपाशी बायकोनं उभं राहून "या... या... या..." करायचं. भिंत जवळ आली की ती डिकीवर थाप मारायची, की सरदार थांबायचे. गाडीला मागचं सांगणारे सेन्सर होते हो, पण ते केव्हाच मुके झाले होते. "बायको असताना सेन्सर कशाला?" असं सरदार म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

म्हाताऱ्याकोताऱ्यांना दवाखान्यात न्यायचं-आणायचं, यावर घर चालायचं. ज्याला जिना उतरवत नाही, त्याला ही गाडी म्हणजे गादीच. पण अशी गाडी दारात असणं म्हणजे काय, हे दारात असल्याशिवाय कळत नाही! सकाळी चहाच्या आधी सरदार खिडकीतून चाकाकडे बघायचे. चाकावर चार बोटं जागा दिसली तर ठीक. नाही दिसली तर चहा तसाच राहायचा, कारण ही गाडी स्प्रिंगवर नाही, हवेच्या पिशव्यांवर उभी राहते, आणि पिशवी गळली की एका अंगावर बसते. एक पिशवी बदलली त्या पैशात शेजाऱ्यानं स्कूटर घेतली. मग काचा उतरेनात. मग गिअरबॉक्सला सुस्ती आली. रिव्हर्समधून पुढचा गिअर टाकला की गाडी आधी विचार करायची आणि मग धाडकन धक्का देऊन लागायची. मेकॅनिक म्हणाला, "काका, गिअरबॉक्स उघडला तर तुमचं घर उघडं पडेल. चालतंय तोवर चालवा." सरदारांनी तिकडे कानाडोळा केला.

कानाडोळा करता आला नाही तो ब्रेककडे. एके दिवशी मेकॅनिकनं तपासणीचं यंत्र लावलं, आणि त्यावरचे आकडे दोनदा वाचून बघितले.

"काका, या गाडीचा ब्रेक पंपावर चालतो. आणि तो पंप तुम्ही दाबलेला प्रत्येक ब्रेक मोजतो. त्याला ठरलेलं आयुष्य आहे. ते भरत आलंय."

"भरलं की?"

"लाल अक्षरं येतील. त्यानंतर कधीतरी पंप साथ सोडेल. पॅडल खोल जाईल, पाय रोवून दाबावं लागेल, आणि गाडी थांबायला दुप्पट जागा लागेल."

"आणि नवा पंप?"

मेकॅनिकनं किंमत सांगितली. तेवढ्याला अख्खी गाडी कुणी घेतली नसती. भंगारातला जुना लावावा, तर तोही आपलं आयुष्य मोजून आलेला.

त्या दिवसापासून सरदारांचं डोकं फिरलं, दुसरं काय! ते ब्रेक वाचवायला लागले. सिग्नल लांब दिसला की ॲक्सिलरेटर सोडून द्यायचे, चढावर गाडी आपोआप थांबू द्यायचे. मागे बसलेल्या आजीबाई म्हणायच्या, "काय हो मऊ चालवता, पोटातलं पाणी हलत नाही!" सरदारांच्या मात्र पाठीवरून घामाची धार. प्रत्येक वेळी पाय पॅडलवर गेला की मनात यायचं, गेला, अजून एक गेला. स्वप्नातसुद्धा त्यांचा पाय पॅडल शोधायचा आणि पॅडल नसायचं.

घरी मात्र चकार शब्द नाही. उगाच तिच्या जिवाला घोर कशाला, असं त्यांचं म्हणणं. अंगणातला ब्रेक वाचवायला त्यांनी एक लाकडी ओंडका आणून भिंतीच्या अलीकडे टाकला. गाडी हळूच उतरायची, मागचं चाक ओंडक्याला टेकायचं, बायको थाप मारायची, आणि सरदार पाय न लावता गाडी पार्कमध्ये टाकायचे. "हे धूड कशाला?" बायकोनं विचारलं होतं. "असू दे," एवढंच ते म्हणाले.

आणि मग तो दिवस आला. दोन पेशंट सोडून सरदार दुपारी परतले. गल्लीच्या तोंडाशी समोर लाल अक्षरं पेटली. आता घर आलंय, सरदार, दहा पावलं राहिली, त्यांनी स्वतःला समजावलं. बायको भिंतीपाशी उभी होतीच. "या... या... या..."

गाडी उतरायला लागली. डिकीवर थाप पडली.

सरदार ओंडक्याच्या ठेचेची वाट बघत राहिले.

ठेच लागली नाही. सकाळी अंगण धुताना त्या ओंडक्याला अडखळून बायकोनं तो उचलून बाजूला ठेवला होता. दुसरी थाप पडली, जोरात. "अहो, बस!" सरदारांनी दोन्ही पाय पॅडलवर घातले. पॅडल खोल, खोल गेलं, आणि गाडी थांबली.

मागून काही आवाज येईना. बाजूच्या आरशात नुसती भिंत.

"अगं!" सरदार ओरडले.

"अहो, गुडघे अडकलेत माझे," मागून आवाज आला. "जरा पुढे घ्या की."

जरा पुढे! पुढचा गिअर टाकायचा, आणि तो लागेपर्यंत उतारावर ही गाडी या ब्रेकवर धरून ठेवायची. मध्ये पॅडल सुटलं तर मागे ती आणि भिंत. त्यांनी पाय रोवले, दात आवळले, गिअर टाकला. गाडी विचार करत बसली. पायाखाली पॅडल आणखी खचलं. "लाग गं बाई, लाग, पाया पडतो तुझ्या!" सरदार गाडीला म्हणत होते. शेवटी धाडकन धक्का बसला आणि गाडी पुढे सरकली.

ती गुडघे चोळत खिडकीशी आली. खरचटलं होतं, बाकी धड होती. सरदार घामानं निथळत होते, गाडी पार्कमध्ये टाकली तरी पाय पॅडलवरून निघत नव्हते.

"दोनदा वाजवलं मी," ती वैतागून म्हणाली. "पहिली थाप ऐकू नाही आली का?"

सरदारांनी तिच्याकडे बघितलं. "नाही आली" म्हटलं असतं तर तिनं कानाच्या डॉक्टरकडे नेलं असतं आणि विषय संपला असता.

"आली होती," ते म्हणाले. "पहिलीच ऐकू आली होती गं."