फोडणी बंद

देऊळघाटातले आमचे शेजारचे काका हळू बोललेले मी कधी ऐकले नव्हते. फोनवर ते असे ओरडतात, की फोन नसता तरी चाललं असतं.

आईच्या पायाची जखम चिघळली, जंतू रक्तात पसरले आणि तिला बुलढाण्याला अतिदक्षता विभागात ठेवलं. काका दारातूनच गरजले, "वहिनीले झालं तरी काय?"

मी घरातली पहिली बीएस्सी. नीट समजावलं, की मरणाऱ्या पेशी फुटतात आणि त्यांच्या आतलं सगळं रक्तात सांडतं. रक्तात एरवी झोपून असलेली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, त्यानं जागी होतात अन् आपल्याच रक्तवाहिन्यांवर उठतात.

काकांनी तोंडावर हात ठेवला. "जागी होतात?" ते कुजबुजले.

गोवर आलेल्या घरात फोडणी देत नाहीत, आवाज करत नाहीत. काकांनी तोच नियम विकरांना लावला. त्यांच्या घरची फोडणी बंद झाली, आमचीही. भेटायला येणाऱ्यांना ते दवाखान्याच्या जिन्यातच अडवत, "काऊन बोंबलून राह्यला बे? उठतील ना ते!" काकू मला म्हणाल्या, "तुह्या शिक्षणापायी आमी नुसतं पिवळं पाणी खाऊन राह्यलो."

अखेर आईचा ताप उतरला. धोका टळला, असं डॉक्टर म्हणाले. काकांनी मला कोपऱ्यात नेलं. "झोपले का ते?"

माझ्या पदवीला शोभेल असं उत्तर अगदी ओठांवर आलं होतं.

"झोपले, काका."

त्यांनी घरी फोन लावला आणि अख्खा मजला दचकला. "दे वं आज फोडणी! लसूण जास्त टाक!"