वाटी सपाट की शीग लावून

एकाही वाटीवर विश्वास न ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नशिबाने तेच माझे व्याही निघाले. त्यांनी उभा जन्म दुकानांतले वजनकाटे तपासण्याच्या नोकरीत घालवला. निवृत्त झाल्यावर तपासायला फक्त घर उरलं. डोंबिवलीच्या त्यांच्या स्वयंपाकघरात डब्यांवर एका वाटीत किती ग्रॅम बसतात याच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. एकट्या मैद्याच्या डब्यावर तीन: चाळलेला पंचाहत्तर, न चाळलेला नव्वद, दाबून भरलेला शंभराच्या वर. माझी मुलगी लग्नानंतर पहिल्यांदा केक करायला उभी राहिली आणि "दोन वाट्या मैदा" एवढंच म्हणाली, तर सासरेबुवांनी विचारलं, "कुठल्या वाटीने? आणि वरून सुरी फिरवून सपाट केलीस का?" लगेच मला फोन, "बाबा, इथे केकचीपण चौकशी बसते!"

एकदा मी ठाण्याहून त्यांच्याकडे निघालो आणि शीळफाट्याला तासभर अडकलो. व्याह्यांचा फोन आला. मला वाटलं, काळजी वाटली असेल. "अहो, तुमच्यासमोर मापून दाखवायचं म्हणून मैदा चाळून ठेवलेला. तो आता खाली बसायला लागलाय. अजून किती वेळ?" ट्रॅफिकपायी माणसं खचलेली मी पाहिली होती, मैदा खचलेला पहिल्यांदाच ऐकला.

हा सगळा विक्षिप्तपणा आहे असं मी धरून चाललो होतो. कारण कळलं ते गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर. विहीणबाईंची नानकटाई म्हणजे आमच्या दोन्ही घरांचा जीव की प्राण. माप विचारलं की त्या म्हणायच्या, "अंदाजाने." पण हल्ली त्या विसरायला लागल्या होत्या. आधी पाहुण्यांची नावं गेली, मग एकदा साखर दोनदा पडली. "तिचा अंदाज जायच्या आत मला तो ग्रॅममध्ये उतरवून ठेवायचाय," व्याही मला गॅलरीत नेऊन म्हणाले. त्यांचा आवाज एवढा खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता.

मग त्या करायला बसल्या की हे काटा घेऊन शेजारी. ओतण्याआधी प्रत्येक वाटीचं वजन. त्या वैतागायच्या, "अहो, मी काय भेसळ करतेय का?" आणि आकडे काही जुळेनात. एकदा ब्याण्णव, एकदा एकशे चार, आणि नानकटाई दोन्ही वेळा तोंडात विरघळणारी! चौथ्या खेपेला त्यांच्या लक्षात आलं की तूप पातळ असेल त्या दिवशी बाई मैद्याच्या वाटीला शीग लावतात, घट्ट असेल त्या दिवशी वरचा थोडा बोटाने परत डब्यात ढकलतात. वजन न जुळणं हा त्यांच्या नोकरीत गुन्हा होता. इथे त्यांनी तो वहीत नीट लिहून ठेवला.

यंदा गेलो तेव्हा तुपाची परात पुढ्यात होती आणि विहीणबाई रिकामी वाटी हातात धरून नुसत्या बसल्या होत्या.

"किती घ्यायचा हो मैदा?"

व्याह्यांनी वही उघडली. आता ग्रॅम येणार, मला वाटलं.

"आधी तूप बघ. बोट घाल."

"पातळ आहे."

"मग शीग लाव."

विहीणबाईंनी वाटी भरली, वर छोटासा डोंगर केला, क्षणभर थांबून त्यावर आणखी एक चिमूट सोडली. काटा शेजारी चालूच होता, शून्यावर. व्याह्यांनी हात पुढे केला नाही. "बरोबर आहे," एवढंच म्हणाले.

निघताना त्यांनी मला डबा दिला. घरी येऊन मी एक नानकटाई तोंडात टाकली. खुसखुशीत, पण गोडमिट्ट. साखर पुन्हा दोनदा पडली होती. मला फार वाईट वाटलं. तशीच दुसरी खाल्ली आणि व्याह्यांना फोन लावला.

"माप अगदी बरोबर उतरलंय," मी म्हणालो.

ते म्हणाले, "मीपण खाल्ली. थांबा, तिला फोन देतो. हे तिलाच सांगा."