तवक्कलचे डोळे

लामू बेटावर अथमानच्या दुकानातली खुर्ची नवी की जुनी, हे भल्याभल्यांना ओळखता यायचं नाही. चहाचं पाणी, चुना, खारं पाणी आणि ऊन यांनी तो नव्या लाकडाला आजोबांच्या काळचं करून टाकी. "अथमानकडे जेवायला गेलात तर बायकोसुद्धा नीट बघून घ्या, खरीच आहे ना!" असं धक्क्यावरचा कॉफीवाला म्हणायचा, आणि सगळ्यांबरोबर अथमानही हसायचा.

त्याचा थोरला भाऊ कोम्बो हा नाखवा. कोम्बोचं गलबत, तवक्कल, मातोंडोनीच्या खाडीत कांदळाच्या चिखलात कलंडून पडलं होतं. गलबताचा तळ कुजला होता आणि नाखव्याचा खुबा निकामी झाला होता. त्याच सुमारास शेला गावातल्या हॉटेलवाल्या बाईंनी अथमानला एक पलंग करायला सांगितला. नवं झाड तोडायचं नाही, लाकूड जुन्या गलबताचंच हवं, असं त्यांचं म्हणणं. अथमान चाचरत भावाकडे गेला.

"ने," कोम्बो म्हणाला. "चिखलात कुजण्यापेक्षा कुणाच्या पाठीखाली तरी जाऊ दे. पण त्याचे डोळे मला आणून दे."

"दादा, हे काय सांगायला हवं?"

"हवं. दुसरं काही मागत नाही."

गलबताच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोन्ही अंगांना लाकडी डोळे ठोकलेले होते. काळं-पांढरं वर्तुळ आणि मध्ये चंद्रकोर. सफरीला निघताना कोम्बो खोबरेलात बुडवलेला अंगठा दोन्हींवरून फिरवायचा. डाव्या डोळ्याला एक खोक पडलेली होती.

कोम्बो खुब्याच्या इलाजासाठी मुलीकडे मोम्बासाला गेला आणि अथमानने गलबत खोललं. बाईंनी दुकानात डोळे पाहिले आणि पलंगाच्या उशाशी तेच हवेत म्हणून हट्ट धरला.

"ते माझ्या भावाचे आहेत," अथमान म्हणाला. "तुम्हाला अगदी असेच दुसरे करून देतो."

तवक्कलच्याच फळीतून त्याने दुसरी जोडी कोरली. खोकसुद्धा कोरली. तेलकट अंगठ्याने आलेली चकाकी तेवढी साधेना, पण शेवटी तीही साधली.

मग त्याने भावाची जोडी हातात घेतली. नव्या जोडीशेजारी ती फारच गबाळी दिसत होती. इतक्या महिन्यांनी दादा घरी येणार, त्याच्या हातात हे असं कसं ठेवायचं? त्याने मीठ खरवडून काढलं, खोकेत भुसा आणि सरस भरला, घासून सपाट केलं आणि वर नवा रंग दिला. इतकं मन लावून त्याने बऱ्याच दिवसांत काही केलं नव्हतं.

कोम्बो आला. डोळे मांडीवर घेऊन त्याने डाव्यावरून अंगठा फिरवला. थांबून पुन्हा फिरवला.

"हे कुणाचे?"

"तवक्कलचे, दादा."

"किवायूच्या खडकावर आपटलो तेव्हा सगळा मार या डोळ्याने झेलला. माझी सगळी माणसं जिवंत परत आली. ती खोक कुठंय?"

अथमानने नव्या रंगावर बोट ठेवलं. "मी बुजवली. तुला बरं वाटावं म्हणून. थांब, पटाशी लावून दाखवतो, आत आहे."

"असेलच. आतसुद्धा कोरून ठेवली असशील तू!"

वहिनी, म्वानाएशा, मध्ये पडली. "अहो, सख्खा भाऊ आहे. खोटं कशाला बोलेल?"

"गावाला फसवतो त्याचं काही नाही गं," कोम्बो म्हणाला. "मला तरी सोडायचं होतं."

पलंगाच्या उशाशी तसेच डोळे आहेत हे कळल्यावर तर पलंग बघितल्याशिवाय तो ऐकेना. अथमानने त्याला गाढवावर बसवून किनाऱ्याकिनाऱ्याने शेलाला नेलं. कोम्बोने उशाशी हात नेला, कोरलेल्या खोकेत अंगठा टेकवला आणि त्याचा चेहरा एकदम सैल झाला.

"हे बघ," तो म्हणाला. "हे माझे." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

अथमानने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. खरं सांगितलं तर हा चेहरा पुन्हा मिटणार होता, आणि विश्वास तर बसणार नव्हताच.

"चुकलो, दादा," तो म्हणाला. "आणून देतो."

दुसऱ्या दिवशी अदलाबदल झाली. बाईंना मुळात खरेच हवे होते, त्या खूश झाल्या. कोम्बोने आपली जोडी दारावर लावली. "माणूस चुकतो," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. "पण परत आणून दिले त्याने." रोज सकाळी तो त्यांना तेल लावायचा. अथमानने त्या बाजूने जाणंच सोडलं.

पुढच्या वर्षी कुसीचा दक्षिण वारा सुटला तेव्हा कोम्बो गेला. दफनाला अथमानने खांदा दिला. लोक म्हणाले, बरं झालं, भावाभावांत गोडी झाली होती.

त्यानंतर कधीतरी पलंगाच्या खुंट्या ठोकायला त्याला शेलाला बोलावलं. काम झाल्यावर त्याने उशाकडे पाहिलं. खाऱ्या हवेने सरस आक्रसला होता, रंग फुटला होता आणि डाव्या डोळ्यावर खोकेची कड वर आली होती. त्याने अंगठा टेकवला. तिची खोली त्याने स्वतः कोरलेल्या खोकेहून कमी होती. दादाला एवढं दाखवायला मिळालं असतं तर.

"तिथं भेग पडतेय ना?" बाईंनी विचारलं. "बुजवून टाकता?"

"नको," अथमान म्हणाला. "राहू द्या."